वॉर्ड नंबर चारची खोली

मुंबईच्या केईएम रुग्णालयात वॉर्ड नंबर चारला लागून असलेल्या खोलीत तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग भान हरपलेल्या अवस्थेत पडून होत्या. १९७३मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर, वर्षानुवर्षं. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण मऊ करून भरवणं चुकलं नाही. अंगावर एक शय्याव्रण नाही!

पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी होती, हे भरवणं थांबवा. उपयुक्ततावादी विचारतो, या जगण्यात सुख किती, यातना किती? पण अरुणांना यातना जाणवतात का, हेच नक्की सांगता येईना, तर हिशेब मांडायचा कशाचा? तत्त्वज्ञ कांट म्हणतो, माणूस नुसतं साधन नव्हे. मान्य, पण त्यांच्या वतीने बोलायचं कुणी?

न्यायालयाने मार्च २०११मध्ये ठरवलं, तो अधिकार सांभाळणाऱ्यांचा, आणि परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. याचिका फेटाळली गेली. मला विचाराल तर पारडं ग्रंथांपेक्षा भरवणाऱ्या हातांकडे झुकलं. गंमत अशी, की कठोर अटींवर जीवरक्षक उपचार थांबवायची वाट त्याच निकालाने उघडली.

१८ मे २०१५ रोजी अरुणा न्यूमोनियाने गेल्या. शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवायची मुभा, म्हणजे ‘लिव्हिंग विल’, आली २०१८मध्ये.