माणगाव परिषदेची चित्रफीत

(कोल्हापूर येथे बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलांनी केलेले भाषण)



माणगाव परिषदेच्या स्मरणार्थ आपली तरुण मंडळी दरवर्षी मोबाईलवर चित्रफिती तयार करतात, व मला विचारतात, ‘वकीलसाहेब, साधने फार थोडी, लोक दोन मिनिटेही पाहात नाहीत, काय करावे?’ मी चित्रपटाच्या धंद्यातला मनुष्य नव्हे. परंतु थोडक्या पुराव्यावर दावा कसा उभा करावा, हे काम मी वीस वर्षे करीत आलो आहे. या दोन कामांत मला फारसा फरक दिसत नाही.

प्रथम आपल्या पदरी काय आहे ते पाहा. २१ व २२ मार्च १९२० रोजी परिषद भरली. माणगाव त्या वेळी कागल जहागिरीत होते. आज ते हातकणंगले तालुक्यात आहे. गावचे पाटील आप्पा दादगोंडा पाटील यांनी पुढाकार घेतला. अध्यक्षस्थानी अठ्ठावीस वर्षांचे बाबासाहेब होते. शाहू छत्रपती स्वतः आले, व तुम्हांस तुमचा खरा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचे बोलले. ‘मूकनायका’त वृत्तांत छापला गेला. परंतु त्या मंडपातील हलते चित्र आपल्यापाशी नाही, कोणाचा आवाजही नाही.

आता एक विलक्षण गोष्ट सांगतो. त्याच काळी याच कोल्हापुरात चलच्चित्राचा कॅमेरा होता! बाबूराव पेंटरांनी तो स्वतः खटपट करून बनविला होता, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट त्याच १९२० साली लोकांपुढे आला. द्रौपदी पडद्यावर आली. माणगावचा मंडप आला नाही. यात मी कोणा एका व्यक्तीला दोष देत नाही. अस्पृश्यांची सभा ही चित्र घेण्याजोगी गोष्ट आहे, असे त्या काळच्या समाजाला वाटतच नव्हते. म्हणजे आपल्या साधनांचे दारिद्र्य हा योगायोग नव्हे. तोही त्या इतिहासाचाच भाग आहे. मग ते झाकता कशाला? ज्या संस्थानात कॅमेरा होता, तेथे या सभेचे चित्र का नाही, या प्रश्नानेच चित्रफीत सुरू करा. पाहणारा उठून जातो का ते मग बघू.

उलट गेल्या वर्षी मी काय पाहिले? एका तरुणाने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून एक जुनाट दिसणारे छायाचित्र करविले होते. त्यात महाराजांचा हात बाबासाहेबांच्या खांद्यावर होता, आणि महाराजांच्या तोंडी खणखणीत आवाजात वाक्येही घातली होती. हजारो लोकांनी ती फीत पाहिली. त्या मुलाची भक्ती मला मान्य आहे. परंतु कोर्टात एक कागद बनावट निघाला की न्यायाधीश उरलेल्या नऊ खऱ्या कागदांकडेही संशयाने पाहू लागतो. परिषद झालीच नाही असे म्हणू इच्छिणाऱ्याच्या हाती आपणच हत्यार का द्यावे? नाट्यरूप करावयाचे असेल तर खुशाल करा. मात्र ते नाट्यरूप आहे हे पडद्यावर ठळक लिहा.

मग दाखवावे काय? ‘मूकनायका’चे छापील पान दाखवा. संपूर्ण पान एकदम नको. आधी तारीख, मग मथळा, मग एकेक ओळ, आणि ती ओळ आपल्याच घरातील शाळकरी मुलीने वाचावी. माणगावचा रस्ता आजचा आहे तसा घ्या, एस.टी.च्या आवाजासकट. एकच छायाचित्र असेल तर आधी डोळे, मग हातातील कागद, शेवटी पूर्ण चित्र, असे सावकाश उलगडा. आणि सामग्री चार मिनिटांची असेल तर फीत चारच मिनिटांची करा. ती वीस मिनिटे ताणण्याच्या हव्यासातूनच खोटेपणा शिरतो.

सर्वांत मोठी साधने आपल्या घरांत बसलेली आहेत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी माणगावच्या गोष्टी सांगितल्या, अशी माणसे अद्याप आहेत. त्यांना बोलते करा. पण साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालू नका. ‘महाराज तुमच्या पणजोबांशी बोलले ना?’ हा प्रश्न नव्हे. ‘तुम्ही काय ऐकले, कोणाकडून ऐकले, त्या वेळी तुमचे वय काय होते?’ असे विचारा. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच दाखवा. तिचे मोल त्याने कमी होत नाही.

कायद्याचे दोन शब्द. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्काची मुदत २०१६ अखेर संपली; ते उतारे निर्धास्त वापरा. मात्र आजच्या गायकाचे गीत त्याच्या परवानगीवाचून फितीखाली घालू नका. तोही बहुधा आपलाच गरीब बांधव असतो.

आणि जे चित्रित कराल त्याच्या प्रती निरनिराळ्या घरी ठेवा. ‘सैरंध्री’ कॅमेऱ्याने टिपली गेली होती, तरी तिची प्रत आज पाहावयास मिळत नाही. नामदेव व्हटकरांनी डिसेंबर १९५६ मध्ये मुंबईस बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रण केले. तो जनसागर पुढच्या पिढीने डोळ्यांनी पाहावा म्हणून एका लेखकाने उठून कॅमेरा मिळविला.

परवा एका भगिनीने आपल्या आजीचे चित्रण मला दाखविले. वडील माणगावाहून परतल्यावर काय म्हणाले, हे सांगता सांगता आजी थांबली. पदराशी चाळा करीत राहिली. ‘हा भाग कापू का?’ असे त्या भगिनीने विचारले. मी म्हणालो, बाकी काय हवे ते काप; तेवढे राहू दे.