शुश्रूषा करणाऱ्यांचे आरोग्य



मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मुंबईशी काहीच संबंध नाही असे घर विरळा. गिरण्या आणि गोदी यांच्याप्रमाणेच मुंबईची रुग्णालये हीदेखील येथील माणसांच्या पोटापाण्याची जागा होत आली आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि चाकरमानी गावाकडे परतू लागले, तेव्हा काही घरांतील लेक वा सून मात्र परतली नाही. ती वॉर्डात होती. रोग्याची सेवा करणाऱ्यासच रोग जडला तर त्याचे पुढे काय होते, ही चिंता त्या वेळी या घरांना लागून राहिली. ही चिंता नवी नव्हे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. पुढील वर्षी पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी आपले दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे चरित्रकार सांगतात. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. प्लेगच्या इस्पितळांत रोग्यांच्या उशाशी बसणाऱ्या परिचारकांना हा रोग बहुधा क्वचितच होई. लोक तर इस्पितळाच्या नावानेच थरथरत! कारण पुढे कळले. १८९८ साली कराची येथे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविले आणि १९०५ पासून झालेल्या मुंबईच्या संशोधनाने ते सिद्ध केले. गाठीचा प्लेग रोग्यापासून नव्हे, तर पिसवांपासून येतो. आणि त्यांचा सुळसुळाट इस्पितळापेक्षा चाळींतच अधिक.

तथापि फुप्फुसाचा प्लेग निराळा. मुंबईतच १८९७ साली डॉ. चाइल्ड यांनी त्याचे स्वरूप दाखवून दिले. तो खोकल्याच्या तुषारांनी पसरतो आणि त्या काळी त्यातून जवळजवळ कोणीच वाचत नसे. मुंबईचा प्लेग अभ्यासून व्हिएन्नास परतलेल्या ऑस्ट्रियन मंडळींनी त्याचे जंतू सोबत नेले होते. ऑक्टोबर १८९८ मध्ये तेथील प्रयोगशाळेचा शिपाई बारिश आजारी पडून दगावला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. म्यूलर गेले, आणि मागोमाग परिचारिका आल्बर्टिना पेखा हीदेखील गेली. १९११ च्या जानेवारीत मांचुरियात डॉ. मेस्नी यांनी, डॉ. वू लिएन-तेह यांनी सुचविलेली जाळीच्या कापडाची मुखपट्टी न बांधता रोगी तपासले आणि ते थोड्याच दिवसांत मरण पावले. चार बोटे कापडाची ती किंमत! सेवकाचे जीवित त्याच्या धैर्यापेक्षा रोगाच्या वाटेचे ज्ञान आणि ती अडविण्याची साधने यांवर अधिक अवलंबून असते, ते असे.

कोरोना हाही श्वासावाटे पसरणारा. जानेवारी २०२० ते मे २०२१ या अवधीत जगात ८०,००० ते १,८०,००० आरोग्यसेवक त्यात मृत्युमुखी पडले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अंदाजच; कारण मोजदाद अपुरी. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत सरकारने सांगितले की, आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अशी आकडेवारी केंद्रात ठेवली जात नाही. विम्याच्या दाव्यांची नोंद मात्र आहे. वैद्यकीय संघटनेने डॉक्टरांच्या नावांच्या याद्या केल्या. कंत्राटी सफाई कामगाराची वा वॉर्डबॉयची यादी कोणी करावयाची?

मृत्यूची भरपाई पन्नास लाखांच्या विम्याने ठरविली, हे योग्यच झाले. जे वाचले त्यांचे काय? पुष्कळांचा ताप उतरला, पण थकवा, धाप, निद्रानाश, वास न येणे हे महिनेमहिने मागे राहिले. अशा देहाने बारा तासांची रात्रपाळी करावयाची आणि जड रोग्यास कुशीवर वळवावयाचे, हे घरी बसून कळणे कठीण. विमा मृत्यूचा होता. क्षीण झालेल्या शक्तीला त्यात रकाना नव्हता.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापासून गावच्या उपकेंद्रापर्यंत प्रत्येक ठिकाणी एक साधी वही पुरे. कोण आजारी पडले, केव्हा कामावर परतले आणि सहा महिन्यांनी जिना चढताना दम लागतो काय, एवढे तीत लिहावे. आणि ते झाडूवालीपासून लिहावयास आरंभ करावा.