आपलं पहिलं पुस्तक : हजार प्रतींचा हिशोब

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)

व्यासपीठावरच्या अध्यक्ष ताई, सचिव ताई, कोषाध्यक्ष ताई आणि सकाळी भाकरी बांधून गावोगावहून आलेल्या माझ्या सगळ्या ताया, मावश्या, आज्यांनो!

गेल्या वर्षी आपण रानभाज्यांचं पुस्तक काढलं. प्रकाशनाला टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, पेपरात बातमी आली. ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर काय झालं, ते आज मी सांगणार आहे. पैसा तुमच्या बचतीतला होता, तेव्हा हिशोबही तुमच्यासमोरच व्हायला हवा. माझ्याकडून झालेल्या चुकाही त्यात आल्या.

सुरुवात एका मासिक बैठकीत झाली. पाऊस नुकताच लागला होता आणि एका मावशीने डब्यात भारंगीची भाजी आणली होती. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं, पण भारंगी कधी खाल्ली नव्हती. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. पुढे टाकळा, कुर्डू, करटोली, लोत, शेवळं असं करत २२ जणींनी ३६ भाज्या सांगितल्या. मी मोबाइलवर आवाज भरून घेतला आणि रात्री बसून उतरवला. एक आजी म्हणाल्या होत्या, “आमच्या सुना आता बाजारातली कोबी आणतात. हे कुठंतरी लिहून ठेव बाई.” पुस्तक त्यासाठी काढलं.

मग छपाईचे दर काढले. ८० पानं, म्हणजे १६ पानी पाच फॉर्म. छापखान्याने सांगितलं, १०० प्रती डिजिटलवर काढल्या तर एका प्रतीला ११० रुपये पडतील. ऑफसेटवर ५०० काढल्या तर ६० रुपये आणि १००० काढल्या तर ४५ रुपये. ऑफसेटला प्लेट बनवायचा खर्च प्रती कमी असल्या तरी तेवढाच लागतो, म्हणून जास्त छापलं की एक प्रत स्वस्त पडते. मी म्हटलं, मग हजारच छापू. तेव्हा कोषाध्यक्ष ताईंनी मला एकच प्रश्न विचारला होता, “पोरी, विकायला कोण कोण फिरणार, ते आधी लिही.” मी हसून म्हटलं, “ताई, पुस्तक चांगलं असलं की आपोआप खपतं.”

तायांनो, पुस्तक आपोआप खपत नाही.

संघाच्या निधीतून ४५,००० रुपये कर्ज घेतलं, महिन्याला शेकडा एक रुपया व्याजाने. किंमत ठेवली १०० रुपये. प्रकाशनाच्या दिवशी १४० प्रती गेल्या. त्यातल्या बऱ्याच आपल्याच लोकांनी घेतल्या. नंतरच्या दोन महिन्यांत मिळून अकरा! ऑफिसमध्ये दार उघडलं की समोर पेट्या. पावसात भिंतीला ओल आली आणि सगळ्यात खालच्या पेटीतल्या २७ प्रती भिजून फुगल्या. मला रात्री झोप लागत नव्हती. दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये बचत भरताना तुम्ही काय काय मागं सारता, ते मी वहीत बघते. त्या पैशाला ओल लागली होती.

शहरातल्या एका पुस्तकाच्या दुकानात गेले. ते म्हणाले, “४० टक्के आमचे आणि पैसे विक्रीनंतर.” म्हणजे शंभरातले ६० आपल्याला, त्यातले ४५ छपाईचे. राहिलेल्या पंधरात जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा निघत नाही. तरी ५० प्रती ठेवल्या. ३१ विकल्या गेल्या, १९ परत आल्या. पैसे हातात पडायला पाच महिने लागले. यात दुकानदाराला दोष नाही, त्यांचा धंदा तसाच चालतो. आपण आधी विचारायला हवं होतं.

आता दुसरी चूक. ही पैशापेक्षा मोठी आहे.

एके दिवशी मला एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, “तुमच्या पुस्तकात बघून शेवळाची भाजी केली. घरातल्या सगळ्यांच्या घशाला खाज सुटली.” मला काहीच सुचेना. शेजारी मावशी बसल्या होत्या, शेवळाची कृती त्यांनीच सांगितलेली. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काकडं घातली का?” पलीकडून उत्तर आलं, “पुस्तकात तसं लिहिलेलं नाही.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. काकडाच्या फळांचा रस घातल्याशिवाय शेवळं शिजवायची नाहीत, नाहीतर खाजतात, हे आपल्याकडे लहान पोरीलाही माहीत आहे. मी घरी जाऊन रेकॉर्डिंग ऐकलं. मावशींनी ते दोनदा सांगितलेलं होतं. पानात मजकूर बसत नव्हता म्हणून मी चार ओळी कमी केल्या आणि त्यात काकडं गेली. प्रुफं मी एकटीनेच तपासली होती. ज्यांची भाजी, त्यांना लिहिलेलं वाचून दाखवावं हे मला सुचलंच नाही. वाचता येत नाही, मग त्या काय तपासणार, असं मनात कुठंतरी होतं. शिकलेल्या माणसाचा हा अडाणीपणा आहे.

आणि फोन मला का आला? कारण मुखपृष्ठावर माझं नाव मोठं होतं. २२ जणींची नावं शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या गृहस्थांची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीत सगळं सांगितलं. कोणी ओरडलं नाही, पण सगळ्या गप्प बसल्या, ते जास्त लागलं. मग अध्यक्ष ताई म्हणाल्या, “आता सगळं पुस्तक मोठ्यानं वाच.” दोन दुपारी वाचन चाललं. आणखी तीन ठिकाणी दुरुस्त्या निघाल्या. शुद्धिपत्रक छापून उरलेल्या प्रत्येक प्रतीत खळीने चिकटवलं. ज्यांचे नंबर होते, त्या सगळ्यांना फोन करून कळवलं.

त्या वाचनाने एक वेगळीच गोष्ट झाली. तोपर्यंत ते “ताईचं पुस्तक” होतं. दोन दुपारी ऐकल्यावर ते “आपलं” झालं. एक मावशी म्हणाल्या, “मी रविवारी बाजाराला बसते, तिथं दहा प्रती ठेवते.” मी म्हटलं, भाजीच्या बाजारात पुस्तक कोण घेणार?

नऊ ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव असतो. तिथं आपल्या बायकांनी भाजीच्या जुड्यांशेजारी पुस्तकं मांडली. शहरातली बाई करटोली हातात घेते आणि विचारते, “हे करायचं कसं?” मावशी आधी तोंडाने सांगतात, मग म्हणतात, “यात लिहिलंय, पान चाळीस.” एका दिवसात ८५ प्रती गेल्या. पुढे माळशेज घाटाच्या रस्त्यावर पावसाळी पर्यटकांना, आठवडे बाजारात, शाळांच्या पालकसभेत. विकणारीला प्रतीमागे १० रुपये द्यायचे ठरलं. दुकानात आपलं पुस्तक शेकडो पुस्तकांत एक होतं. भाजीशेजारी ते एकटंच होतं, आणि गिऱ्हाईकाचा प्रश्न आधीच तयार होता.

आता चौदा महिन्यांचा हिशोब ऐका. थेट विक्री ५८१ प्रती, त्याचे ५८,१०० रुपये. दुकानातून ३१ प्रती, १,८६० रुपये. एकूण जमा ५९,९६०. खर्च असा : छपाई ४५,०००, व्याज ३,१५०, विकणाऱ्या तायांना ५,८१०, शुद्धिपत्रक ६००, वाहतूक आणि टपाल २,९००. एकूण ५७,४६०. शिल्लक २,५०० रुपये. कर्ज पूर्ण फिटलं आहे. ४८ प्रती भेट गेल्या, २७ भिजल्या, ३१३ अजून पेटीत आहेत. त्या आता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवल्या आहेत.

कोणाला पुस्तक काढायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुस्तकाला आयएसबीएन नावाचा क्रमांक लागतो. तो सरकारकडून मोफत मिळतो. आमच्याकडे एकाने त्याचे दोन हजार मागितले होते. आणि कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते. ते ऐकून आपल्या आजी म्हणाल्या, “माझी कुर्डूची भाजी कलकत्त्याला गेली?” होय आजी, नावासकट गेली.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून ठेवली म्हणून ती राहिली. पण त्या १९५१ च्या डिसेंबरमध्ये गेल्या आणि पुस्तक १९५२ मध्ये आलं. त्यांना ते हातात घेता आलं नाही. आपल्या २२ जणींनी आपलं पुस्तक हातात घेतलं, ऐकलं आणि चुकलेलं दुरुस्तही केलं.

आता जात्यावरच्या ओव्यांच्या पुस्तकाचा विषय आजच्या सभेपुढे आहे. माझा प्रस्ताव असा. प्रती फक्त २००, डिजिटलवर. त्यातल्या निम्म्यांची नोंदणी आधी, पैशासकट. छापायच्या आधी पूर्ण वाचन ओव्या सांगणाऱ्यांसमोर. मुखपृष्ठावर त्यांची नावं, माझं नाव आत. आणि विकायला कोण कोण फिरणार, त्याची यादी ठरावाला जोडायची.

कोषाध्यक्ष ताई, वही आणली आहे. पहिलं नाव माझं लिहिलंय. दुसरं कोणाचं लिहू, तेवढं सांगा.