पेशीच्या दारावरचा निरोप

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपण जाणतो. आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हा आजार आहे. कोणी त्याला नशिबाचा भोग म्हणतो, तर कोणी बावीस प्रतिज्ञा विसरून गुपचूप गंडादोरा बांधतो. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकवला. कारणावाचून काही घडत नाही. तेव्हा या आजाराचे कारण आपण पेशीच्या दाराशी जाऊन पाहू.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे पातळ पटल असते. इन्शुलिनचा मोठा रेणू त्यातून सहज पार होत नाही. म्हणून पटलात आरपार बसलेली विशिष्ट प्रथिने त्याचा निरोप घेतात. त्यांना रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. रक्तात अनेक संदेश फिरत असतात. ग्राही मात्र आपल्याशी जुळणाराच संदेश घेतो.

जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. ते स्नायूपेशीवरील ग्राहीच्या बाहेरच्या भागाला चिकटते. त्यासरशी ग्राहीचा आकार बदलतो आणि त्याचा आतला भाग कामाला लागतो. तो आधी स्वतःवर व मग आतल्या प्रथिनांवर फॉस्फेटचा जणू शिक्का मारतो. असा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. शेवटी आत राखून ठेवलेली वाहक प्रथिने पटलावर येतात आणि साखर पेशीत शिरते. आम्हा बँकेतल्या माणसांना हे चटकन पटते. खातेदार काउंटरबाहेरच उभा असतो. आत सह्या-शिक्के होतात, मगच रोकड हाती पडते.

मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी ते स्वादुपिंडातून मिळवले आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. अशा रुग्णाचे इंजेक्शन थांबवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. दुसरा प्रकार अधिक आढळतो. त्यात सुरुवातीला इन्शुलिन असते, पण निरोप दारावर येऊनही आत नीट पुढे सरकत नाही. साखर रक्तातच साचते आणि वर्षानुवर्षे डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा यांना इजा करीत राहते. बऱ्याचदा रुग्णाला त्याची जाणीवही नसते.

तरीही एक वाट मोकळी असते. स्नायू हालचाल करू लागले की तीच वाहक प्रथिने इन्शुलिनच्या निरोपावाचूनही पटलावर येतात. डॉक्टर रोज चालायला सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे. मात्र चालणे ही औषधाला सुट्टी नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, या आणि स्वतः पाहा, असे सांगणारा आपला धम्म आहे. आई-वडिलांची रक्तातील साखर तपासून घ्या. गोळ्या कोणी परस्पर बंद केल्या असतील, तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. घरात गंडादोरा दिसला तर रागावू नका. शेजारी बसा आणि पेशीच्या दारावरचा हा निरोप समजावून सांगा. शिकलेल्या मुलाचे घरातले पहिले काम तेच आहे, असे आम्ही मानतो.

जयभीम! नमो बुद्धाय!