निबंधातून आपलेच घर वगळू नका
(विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संशोधनपर निबंध कसा लिहावा, यावर बोलण्यास आम्हांस सांगण्यात आले आहे. उपदेश करण्यापेक्षा आपल्या शहागंजातीलच एका विद्यार्थिनीची हकिगत सांगतो. तिचे नाव सांगत नाही, तिची तशी इच्छा आहे.

तिने विषय घेतला होता 'बालकांचे दारिद्र्य कमी करण्याचे उपाय'. पहिला कच्चा मसुदा चाळीस पानांचा झाला. त्यात लोकसंख्या, निरक्षरता, बेकारी सर्व काही होते. शेवटी शासनाने लक्ष द्यावे, अशी विनंतीही होती. प्राध्यापकांनी वह्या परत केल्या आणि एवढेच विचारले, "यात मूल कोठे आहे?"

दुसऱ्या मसुद्यात तिने आकडे घेतले. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साली देशातील शहरी दारिद्र्यरेषा दरडोई दरमहा सरासरी 1000 रुपये आणि ग्रामीण रेषा 816 रुपये धरली होती. पण ही रेषा काढताना घराचा खर्च घरातील माणसांत वाटला जातो. त्या वाट्यातून पोराला दूध मिळाले की नाही, थोरली मुलगी शाळेत गेली की घरी राहिली, हे कळत नाही. घर रेषेच्या वर आणि मूल रेषेच्या खाली, असे होऊ शकते. येथे तिचे लेखन अडले ते महिनाभर अडले.

मग ती वही घेऊन हातगाडीवर भाजी-फळे विकणाऱ्यांच्या घरी जाऊ लागली. बंधुभगिनींनो, येथे आम्हांस आमची चूक कबूल केली पाहिजे. आपल्या काही सभासदांना तिचे प्रश्न रुचले नाहीत. आमच्याकडे तक्रार आली तेव्हा आम्हीही तिला म्हणालो, "बाई, आपले दारिद्र्य चव्हाट्यावर कशाला मांडतेस?" ती काही बोलली नाही. दोन महिने तिने वही उघडली नाही. पुढे कळले की, तिची आईही हातगाडीच लावते आणि धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी सातवीत असताना तिची शाळा बरेच महिने बुडाली होती. सगळ्यांची घरे तिने लिहिली, स्वतःचे तेवढे वगळले होते. आमच्या एका वाक्याने तिची ती लाज आणखी घट्ट केली.

तिने तिसरा मसुदा स्वतःच्या घरापासून सुरू केला आणि विषय सापडला. आई पहाटे माल आणायला जाते आणि रात्री परतते. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी आली, परंतु ती काही तासच चालते. उरलेला दिवस लहानग्याला कोण पाहणार? थोरली बहीण. 1 एप्रिल 2010 पासून 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला, म्हणून तिचे नाव पटावर आहे. पण वर्गात ती नाही. 2016 च्या दुरुस्तीने बालमजुरीच्या कायद्यात चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली. तरी शाळा सुटल्यावर व सुटीत घरच्या धोका नसलेल्या धंद्यात मदत करण्यास मुभा राहिली. भावंडे सांभाळणाऱ्या मुलीला तर कोणी मजूर म्हणतच नाही. म्हणून तिने उपाय एकच मांडला : बाजाराच्या वेळेप्रमाणे चालणारे पाळणाघर. चाळीस पानांची बावीस झाली, पण प्रत्येक पानावर मूल होते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी उपदेश ऐकण्यास आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि मग धम्म सांगितला. मुलाला शाळेत या म्हणण्याआधी त्याला घरी काय अडवते, ते पाहावे, हाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

विद्यार्थी मित्रांनो, मसुदा परत आला म्हणून खचू नका. लंडनमध्ये बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सादर केला, तेव्हा 1923 साली परीक्षकांनी तो पुन्हा लिहून मागितला. बाबासाहेब मुंबईस परतले आणि येथून त्यांनी तो दुरुस्त करून पाठविला. त्यांनी आपले निष्कर्ष सोडले नाहीत. त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली. 1950 साली त्यांनी या शहरात महाविद्यालय काढले, ते आपण आपल्या जीवनाचे प्रश्न आपणच अभ्यासावेत म्हणूनही.

सभासदांना विनंती एवढीच की, उद्या कोणी मूल वही घेऊन दारात आले, तर त्याला बसवा, पाणी द्या आणि खरे सांगा. आपण लपविले, तर आपल्या मुलांसाठीचे उपाय आपली घरे न पाहिलेले लोक लिहितील. आणि विहारातील एक खोली दिवसभर रिकामी असते. तेथे बाजारात जाणाऱ्या मातांची मुले सांभाळता येतील काय, हा प्रश्न आम्ही पुढील बैठकीत मांडणार आहोत. त्या मुलीची आम्ही क्षमा मागितली आहे. ही खोली उघडली, तर ती क्षमा खरी ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!