भोपळ्याला लावलेला तळहात



नादोपचाराच्या या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलायचं ते मिरजेत, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. इथल्या सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर मी वाढले. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं घडवायला घेतली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. याच गावात 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचं रुग्णालय उभं केलं. तंबोरा न्यायला आलेला गवई आणि शस्त्रक्रियेला आलेला रुग्ण एकाच फलाटावर उतरायचे. पुढे मी या व्यवसायात आले, त्याची सुरुवात तिथेच झाली असावी.

शाळा सुटली की मी एका चाचांच्या कारखान्यात जाऊन बसायची. पंढरपूरकडून आलेले भोपळे वर टांगलेले असायचे. चाचा जवारी काढायला, म्हणजे तारेचा झंकार जमवायला, बसले की कुणी बोलायचं नाही. तारांखालच्या घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, मान वळवून ऐकायचं, पुन्हा कानस. मग तारेखालचा दोरा केसभर सरकवला की त्या एका तारेतून कितीतरी स्वर उमलायचे. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तंबोरा आणि वीणेच्या या घोडीवर लिहिलं. तार जिथे छेडावी तिथल्या हिशेबानं जे उपस्वर उमटू नयेत असं तोवरचं शास्त्र सांगत होतं, तेही इथे उमटतात, हे त्यांनी दाखवलं. ते मी पुष्कळ नंतर वाचलं. चाचांकडे मी शिकले ती ऐकण्याची चिकाटी. आणि एवढं शिकूनही माझी सगळ्यात मोठी चूक झाली ती ऐकण्याच्याच बाबतीत. आज मुख्यतः तीच सांगायची आहे.

इचलकरंजीचे एक गृहस्थ होते. घरचे त्यांना तात्या म्हणत. सारं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. अर्धांगवायूच्या झटक्यानं उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समोरच्याचं बोलणं कळायचं, शब्द मात्र ओठांवर यायचा नाही. मी तेव्हा नवी होते आणि कांस्याच्या वाडग्यांवर माझा फार विश्वास होता. तीन आठवडे मी त्यांच्या उशाशी वाडगे वाजवले, बारीक घंटा किणकिणवल्या. तात्या छताकडे बघत पडून राहायचे. वहीत मी लिहिलं, ‘प्रतिसाद नाही’.

एक दिवस त्यांची सून म्हणाली, “बाई, तात्यांस्नी बारीक आवाज ऐकूच येत न्हाई. मागावर सगळी खुणंनंच बोलत्यात.”

मी श्रवणचाचणी करून घेतली. गोंगाटानं कान जातात तेव्हा बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं आधी जातं. तात्यांचा आलेख तिथेच खोल घसरला होता. माझ्या घंटांमधला मला प्रिय असलेला भाग त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. स, श, च यांसारखे वर्णही त्यांना धूसर ऐकू येत असणार. दोष माझा होता आणि वहीत तो मी त्यांच्या नावावर लिहिला होता. ते पान मी फाडलेलं नाही. आजही माझ्याकडे आहे.

मग मी तंबोरा नेला. काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झचा, त्याचे उपस्वर 138, 207, 276 असे चढत जातात. तळहाताला कंप सगळ्यात चांगला जाणवतो तो 250च्या आसपास. तात्यांचा शाबूत डावा हात मी भोपळ्यावर ठेवला आणि तारा छेडल्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

पुढचं काम स्पीच थेरपिस्टच्या देखरेखीखाली झालं. बोस्टनमध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी 1973 मध्ये मांडलेली एक पद्धत आहे: रोजचा शब्द दोन-तीन स्वरांत गायचा, प्रत्येक अक्षराला डाव्या हातानं ठेका धरायचा, आणि हळूहळू गाणं काढून घेत बोलण्याकडे यायचं. तात्यांसाठी आम्ही ‘पाणी’ निवडला, कारण त्यातला ‘णी’ खालच्या आवाजात घुमतो आणि त्यांना ऐकू येतो. नवव्या आठवड्यात तो शब्द आला. आधी सुरात आला, मग एका संध्याकाळी सुनेकडे बघून नुसताच. झटक्यानंतरच्या महिन्यांत मेंदू स्वतःही सावरत असतो, त्यामुळे त्या शब्दात तंबोऱ्याचा वाटा किती, असं कुणी विचारलं तर मी आकडा देणार नाही. चालणं सुधारलं ते तर सर्वस्वी फिजिओथेरपिस्टच्या मेहनतीनं.

ही गोष्ट एवढी लांबवली, कारण आपल्या व्यवसायातल्या जाहिराती वाचून मला दुःख होतं. अमुक हर्ट्झनं पेशी दुरुस्त होतात, तमुक वाडग्यानं मधुमेह जातो! माणसं कर्ज काढून, गोळ्या बंद करून येतात. कर्करोग, मधुमेह, अपस्मार, अर्धांगवायू बरे करण्याच्या जाहिरातींना आपल्या देशात 1954च्या कायद्यानं मनाई आहे, आणि हा कायदा आपल्यासाठीही आहे. पण कायद्याचा धाक नसता तरी मी हेच म्हटलं असतं. कंपनांचे उपयोग आहेत. नॉर्वेच्या ओलाव स्किल्ले यांनी 1980च्या दशकात 30 ते 120 हर्ट्झचे कंप खुर्चीतून आणि पलंगातून शरीराला देण्याची पद्धत विकसित केली, ती जगभर वापरात आहे. तिच्यावर काम व्हावं, मोजमाप व्हावं.

आणि मोजमाप मनाविरुद्ध गेलं तरी वाचावं. 2017 मध्ये नऊ देशांतल्या 364 स्वमग्न मुलांवरच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: उत्स्फूर्त संगीतोपचारानं मुख्य लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक पडला नाही. तो दिवस मला जड गेला. 2022 मध्ये 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला आणि त्यात एकूण सुधारणेची शक्यता दिसली. पालकांना मी दोन्ही सांगते. एकच सांगण्याचा अधिकार मला नाही.

माझी या परिषदेकडे एकच मागणी आहे. आपण सगळ्यांनी मिळून एक नोंदवही सुरू करू. रुग्ण काय काम करत होता, कान कधी तपासले, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणता आवाज नको म्हणाला, आणि कुठे काहीच झालं नाही. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. माझं ते जुनं पान पहिली नोंद म्हणून मी आज संयोजकांकडे देते आहे.

दुपारच्या सत्राआधी तास-दीड तास मोकळा आहे. गल्लीतल्या एका कारखान्यात आजही जवारी काढणं चालू आहे; मी सकाळी विचारून आले आहे, यायला हरकत नाही म्हणाले. कानात कापसाचे बोळे घाला आणि वाजत्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला तळहात लावून बघा. एका वेळी दोघांनीच आत जा, जागा लहान आहे. आणि ते कानस चालवत असतील तर बोलू नका.