मूल्य नियमात उतरते तेव्हा



सार्वजनिक जीवनातील मूल्यांची चर्चा आपण बहुतेक वेळा माणसांच्या आठवणींतून करतो. अमक्याने पै-पैचा हिशेब दिला, तमक्याने सत्तेचा मोह धरला नाही, असे आदराने सांगतो. हे गुण थोर आहेत. पण ते एका माणसाच्या ठायी असतील तर त्याच्या पाठोपाठ जातात. ज्या मूल्याचा नियम झाला आणि तो नियम पुढाऱ्यालाही लागू झाला, तेच मूल्य समाजाच्या पदरात पडले, असे माझे आजचे म्हणणे आहे. मलकापूरकरांनो, त्याचा दाखला तुमच्या घरातल्या नळावरच आहे.

कोयनेचे पाणी चोवीस तास आणि मीटरने देणारी कराड तालुक्यातील मलकापूरची योजना देशभर अभ्यासली गेली. ग्रामपंचायतीच्या काळात तिचा पाया घातला गेला आणि २००८ मध्ये नगरपंचायत झाल्यावर ती मार्गी लागली. तासा-दोन तासांच्या पाण्यात काय घडते ते आठवा. ज्याच्याकडे मोटर आणि मोठी टाकी, तो पाणी ओढून घेतो. चढावरच्या टोकाच्या घरी धार बारीक होते. नळ बंद झाल्यावर रिकाम्या वाहिनीत गळक्या सांध्यांतून बाहेरची घाण शिरते. भरून ठेवलेले पाणी दुसऱ्या दिवशी शिळे म्हणून ओतून दिले जाते. वाहिनी सतत दाबाखाली ठेवली की हे सारे दोष कमी होतात. मात्र त्यासाठी प्रत्येक जोडणीला मीटर हवे. येथे यंत्राद्वारे वाचता येणारी मीटरे बसली आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर ठरला. वाडा कोणाचा आणि झोपडी कोणाची, हे मीटर पाहत नाही. समतेवर शंभर भाषणे झाली असती, तरी वशिल्याची वाट इतकी अडली नसती.

यावर पहिला आक्षेप असा, की पाण्याला मोजमाप लावणे हा गरिबावर बोजा आहे. आक्षेप कळकळीचा आहे, पण मोजमाप नसते तेव्हा फुकट पाण्याचा लाभ कोणाला होतो हे पाहिले पाहिजे. तो मोटरवाल्याला होतो. गरीब बाई मात्र मजुरी बुडवून पाण्याची वाट पाहत बसते. चढत्या दरात गरजेपुरते वापरणाऱ्याला स्वस्त पडते आणि उधळणाऱ्याला महाग. दराचा हा पहिला, स्वस्त टप्पा खरोखर परवडणारा राहतो की नाही, यावर मात्र नागरिकांचा डोळा हवा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही कर्तबगारी तंत्राची आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांची. यात नेतृत्व कुठे आले? अभियंता वाहिनीचा व्यास काढून देतो. पण मतदाराच्या दारात मीटर बसवायचे आणि पुढच्या निवडणुकीत त्याच दारात मत मागायचे, ही जोखीम लोकप्रतिनिधीचीच असते. येथे प्रभाव कामी येतो. लोकांचा आधी विश्वास असल्याशिवाय असा नियम कागदावरून गल्लीत उतरत नाही. माणसाचे महत्त्व मी नाकारत नाही; त्याने आपली पुण्याई कशावर खर्च करावी, एवढेच सांगतो आहे.

मूल्याचा नियम करण्याची ही रीत या मातीत जुनी आहे. १९१९ मध्ये याच कराड तालुक्यातल्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. जातिभेद मोडा असे नुसते सांगून ते थांबले नाहीत. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहायचे आणि एका पंगतीत जेवायचे, हा रोजचा शिरस्ता केला. श्रमाची प्रतिष्ठा ‘कमवा आणि शिका’ मधून वेळापत्रकात आली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. हाती असलेली सत्ता कायद्याने खाली वाटून देणे, हे त्या पदावरच्या माणसाला सोपे नसते.

नियमही कुजतात, हे खरे. देखभाल थांबली, थकबाकीत ‘आपला माणूस’ पाहून सूट मिळाली, की मीटर नुसते लोखंड उरते. म्हणून नियम राखणे हे पुढच्या पिढीच्या नेतृत्वाचे काम आहे, आणि ते नियम करण्याइतकेच कठीण आहे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण एक प्रश्न जरूर विचारावा: तुम्ही असा कोणता नियम करणार, जो उद्या तुमच्याही आड येईल? ज्याला याचे नेमके उत्तर देता येईल, त्याच्या मागे उभे राहा.